फोन आडवा, भजन पहिल्यापासून (चित्रफितीचं निवेदन)

बडोद्याच्या सूरसागर तलावाचा सकाळचा फेरा संपवून माणसं दांडिया बाजाराकडे वळलीत. सेवउसळीपाशी गर्दी आहे. वरच्या मजल्यावर आजी खाटेवर बसल्यात, हातात फोन, आणि तक्रार एकच: "अरे, फोन आडवा झाला की भजन परत पहिल्यापासून!"

ॲप नातवानंच केलंय. आजोबांच्या भजनी मंडळाच्या या कॅसेटी, निळ्या शाईत नावं घातलेल्या, त्यात भरल्यात.

अँड्रॉइडमध्ये समोर दिसतो तो स्क्रीन म्हणजे ॲक्टिव्हिटी. फोन फिरवला की, वेगळं सांगितलेलं नसेल तर, ती मोडून नव्यानं उभी राहते. प्लेअर तिच्यातच होता, तिच्याबरोबर गेला. म्हणून नातवानं तो उचलून सर्व्हिसमध्ये, म्हणजे ॲपच्या मागे काम करणाऱ्या भागात नेला. सर्व्हिसला चेहराच नाही. फोन कसाही फिरवा, तिचं काही मोडत नाही.

मग ॲक्टिव्हिटी आणि सर्व्हिस, दोघींनी बोलायचं कसं? वहीतली ही पेन्सिलची आकृती बघा. स्क्रीन दिसू लागला की 'बाइंडसर्व्हिस' म्हणतो, म्हणजे सर्व्हिसशी जोडून द्या. उत्तर लगेच येत नाही. जरा वेळानं 'ऑनसर्व्हिसकनेक्टेड' येतं आणि हाती बाइंडर, म्हणजे सर्व्हिसशी बोलायचा दुवा देतं. त्यातून विचारायचं: कोणतं भजन, कितव्या सेकंदाला? बटणावर 'थांबवा' लिहायचं की 'वाजवा', ते या उत्तरावर. स्क्रीननं मनानं ठरवलं की घोळ झालाच: बटण म्हणतं थांबलंय, कानात टाळ चालूच. भजन बदललं की सर्व्हिसनं स्क्रीनला कळवायचं. जाताना स्क्रीननं आपलं नाव काढून घ्यायचं, नाहीतर मोडलेला स्क्रीन मेमरीत अडकून राहतो.

नुसती बाइंड केलेली सर्व्हिस शेवटचा स्क्रीन सुटला की बंद पडते. त्यामुळे भजन लावताना ती वेगळी सुरूही करावी लागते. आणि सर्व्हिस म्हणजे वेगळा थ्रेड, कामाची वेगळी रांग, नव्हे! आपणहून वेगळा केला नाही तर ती मुख्य थ्रेडवरच चालते, जिथं स्क्रीनचंही काम चालतं. तिथं मोठी फाइल वाचत बसलात आणि बोट लावून ५ सेकंद हालचाल नाही, तर 'ॲप प्रतिसाद देत नाही'.

वरची ही नोटिफिकेशनची पट्टी. २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून मागे गुपचूप चालणाऱ्या सर्व्हिसवर बंधनं आली. फोरग्राउंड सर्व्हिस, म्हणजे वापरणाऱ्याला दिसेल अशी चालणारी, सुरू करायला सांगितली की ५ सेकंदांत पट्टी लावायची, नाहीतर ॲप पडतं. नातवाला हा जाच वाटतो. आम्हाला विचाराल तर बरंच झालं. फोन आजींचा, मागे काय चाललंय ते त्यांना दिसायलाच हवं. बॅटरी थोडी जाते.

आजी फोन आडवा करतात.

(निवेदन नाही. फक्त कॅसेटमधला आवाज, २० सेकंद.)