बारा खुर्च्यांची यादी

(दृश्य: ड्रोन. काजूची बाग, तिच्यामागे इगर्जीचे, म्हणजे चर्चचे, दोन पांढरे मनोरे.)

बार्देस तालुक्यातलं हे गाव. एप्रिलचा मध्य. काजूचा हंगाम भरात आहे, भट्ट्या पेटल्यात, आणि बोंडूंचा आंबूस-गोड वास गाडीच्या काचा वर असल्या तरी आत शिरतो. ख्रिस्ती घरांत उपवासकाळ चालू आहे. ईस्टरपर्यंत हुर्राकाला, काजूच्या पहिल्या धारेच्या दारूला, हात लावणार नाही, असं बरेच जण म्हणतात. म्हणतात.

आज पवित्र गुरुवार. शिष्यांबरोबर शेवटचं जेवण घेताना येशू मध्येच उठला, कमरेला रुमाल बांधला आणि त्यांचे पाय धुऊ लागला, तो हा दिवस. योहानाच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात हा प्रसंग आहे. संध्याकाळच्या मिस्सात, म्हणजे इगर्जीतल्या सामूहिक उपासनेत, फादर बारा माणसांचे पाय धुतील.

(दृश्य: इगर्जीची देखभाल करणारा साक्रिस्ताव खुर्च्या मांडतो. खोळीच्या गाठीचा क्लोजअप.)

खुर्च्या हॉलमधल्याच, प्लास्टिकच्या. लग्नाच्या पांढऱ्या खोळी चढवल्या की त्याही समारंभाच्या दिसतात. साक्रिस्तावबाब प्रत्येक खोळीची गाठ मागच्या बाजूला, एकाच उंचीवर बांधतो. सहा इकडे, सहा तिकडे. एक खुर्ची डुगडुगतेय. त्याने आधी पायाखाली पुठ्ठा सरकवून पाहिला, मग मान हलवून खुर्चीच बदलली.

या खुर्च्यांवर कोण बसणार, यावर गावात सगळा उपवासकाळ चर्चा झाली. पूर्वी असा प्रश्न पडतच नसे.

(दृश्य: जुने फोटो. लाल खांदेवस्त्रातले पुरुष, हातात मेणबत्त्या.)

1955 मध्ये पोप बारावे पायस यांनी पवित्र आठवड्याच्या विधींची नव्याने मांडणी केली. तेव्हापासून पाय धुण्याचा विधी लोकांसमोर, मिस्सातच करता येऊ लागला. विधीच्या पुस्तकात शब्द होते, ‘निवडलेले पुरुष’. गोव्यात निवडलेले म्हणजे कोण, हे कुणाला विचारावं लागत नव्हतं.

हे लाल खांदेवस्त्र कोन्फ्रारीचं. कोन्फ्रारी म्हणजे इगर्जीतल्या गृहस्थांचा संघ. फेस्त म्हणजे संताचा उत्सव, मिरवणुका, मयताची व्यवस्था, सगळं त्याच्याकडे. गोव्यात धर्म बदलला, पण जात उंबऱ्याबाहेर चपला काढून ठेवाव्यात तशी बाहेर राहिली नाही. ती आत आली आणि पुढच्या बाकावर बसली. बामण, चार्डे, सुदिर या ख्रिस्तींतल्याच जाती; बामणांची कोन्फ्रारी वेगळी, चार्ड्यांची वेगळी, सुदिरांची वेगळी, असं कितीतरी गावांत होतं. कोणत्या फेस्ताचा मान कुणाचा, मिरवणुकीतल्या छताचे खांब कुणी धरायचे, यावरून तंटे कोर्टापर्यंत गेले. गावडे आणि कुणबी ख्रिस्ती तर बहुतेक वेळा हिशेबातच नसत. 2003 साली गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. सरकारी कागदावर त्यांची नोंद झाली, पण मिरवणुकीतली जागा कागदाने ठरत नाही.

(दृश्य: भिंतीवरची संत जुझे वाझ यांची तसबीर. कॅमेरा हळूहळू जवळ.)

हा भेद फक्त गावकऱ्यांतला नव्हता. दिवाडी बेटावरचे मातेउस द कास्त्रो 1637 मध्ये बिशप झाले. रोमने एका गोंयकाराला नेमलं, पण गोव्यातल्या पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांनी त्यांना मानायला नकार दिला. 1787 मध्ये पोर्तुगीज सत्तेविरुद्ध पिंटोंचं बंड झालं, त्यातही पाद्री होते. इथल्या माणसाला वरच्या जागा मिळत नाहीत, हेच त्यांचं गाऱ्हाणं. आणि तसबिरीतले हे जुझे वाझ, जन्म 1651, बाणावलीचे. डच राजवटीत कॅथलिक पाद्र्यांना बंदी असताना वेश बदलून ते श्रीलंकेत गेले, कँडीत देवीची साथ आली तेव्हा लोकांनी टाकून दिलेले रोगी त्यांनी सांभाळले. 2015 मध्ये ते संत झाले. गावातल्या मुलांना शिष्यपण शिकवताना सिस्टर याच तसबिरीखाली उभ्या राहतात.

इन्क्विझिशनचा, म्हणजे पोर्तुगीज धर्मन्यायालयाचा, 1560 नंतरचा काळ या फिल्ममध्ये नाही. तो विसरलेला नाही, पण तो इथे एका वाक्यात बसवणंही बरं नव्हे.

(दृश्य: दक्षिण गोव्यातला राशोलचा डोंगर, सेमिनरीची, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेची, इमारत.)

मराठी प्रेक्षकांसाठी एवढं मात्र सांगायला हवं. 1616 मध्ये इथे, राशोलला, फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. इंग्रज माणूस, पोर्तुगीज राज्य, रोमन लिपी आणि आत मराठी ओव्या. पाद्री गुरू सांगतोय, गावची माणसं शंका काढतायत, अशी त्याची घडण. गोव्यातला ख्रिस्ती शिष्य कागदावर प्रश्न विचारताना दिसतो तो असा, ओवीत.

(दृश्य: फादरांच्या टेबलावरची वही. तारखा, खोडलेली नावं.)

मग नियम बदलला. 2013 मध्ये पोप फ्रान्सिस पवित्र गुरुवारी रोममधल्या एका बालसुधारगृहात गेले आणि त्यांनी मुलींचे, मुसलमान मुलांचेही पाय धुतले. जानेवारी 2016 मध्ये विधीच्या पुस्तकातला शब्द बदलल्याचं फर्मान निघालं. आता पुरुष नव्हे, देवाच्या प्रजेतून निवडलेले लोक. स्त्रिया, म्हातारे, तरुण, आजारी, कुणीही.

फर्मान रोमहून निघालं, तरी यादी गावातच करावी लागते. फादरांनी वाड्यावाड्यावरच्या लहान ख्रिस्ती समुदायांना सांगितलं की प्रत्येकाने एक नाव द्यायचं, आणि अट एकच. त्या खुर्चीवर आजवर कधीही न बसलेलं माणूस हवं. त्या बैठकांत कॅमेरा नव्हता. आवाज चढलेले मात्र व्हरांड्यात उभ्या असलेल्या आमच्या साउंडवाल्यालाही ऐकू आले.

(दृश्य: बुधवार, संध्याकाळ. भाड्याच्या खोल्यांसमोरचा खुरीस, म्हणजे क्रूस. झेंडूच्या माळा. व्हायोलिन.)

यादीतली काही नावं इथे सापडली. रस्त्याकडेच्या या खुरीसासमोर लादीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना, आहे. मागच्या चाळीसारख्या खोल्यांत झारखंड आणि ओडिशाची मुलं राहतात, मालीमच्या जेटीवर ट्रॉलरवर कामाला. त्यातली काही पिढीजात ख्रिस्ती, आदिवासी. रविवारी ती इगर्जीत मागे, दाराजवळ उभी राहतात. कोंकणी मिस्सा त्यांना कळत नाही.

लादीन लॅटिनमध्ये. म्हातारे गायक एकेक नाव घेतात, बाकीचे ‘ओरा प्रो नोबिस’ म्हणतात. लॅटिन तर गावातही कुणाला येत नाही, त्यामुळे इथे एकदाचे सगळे समान. त्या मुलांनी तिसऱ्या ओळीपासून सूर पकडला. व्हायोलिनवाल्याने मान वळवून पाहिलं आणि एक पट्टी खाली घेतली.

(आवाज: लादीन. निवेदन नाही.)

शेवटी उकडलेले चणे, खोबऱ्याचे काप. थोडी फेणी, उपवासकाळ असल्यामुळे आडोशाला.

(दृश्य: इगर्जीचं फाटक. फुलांची टोपली.)

फाटकाबाहेर मेणबत्त्या आणि फुलं विकणाऱ्या या काकी दोडामार्गच्या. घरी मराठी, गिऱ्हाइकाशी कोंकणी, गणपतीला न चुकता गावी. फादरांनी त्यांनाही विचारलं होतं. नियमात ते कितपत बसतं, यावर वाद होऊ शकतो. फादरांना तो करायचा नव्हता. काकींनीच कानाला हात लावला. पाद्र्याने आपले पाय धुवायचे म्हणजे केवढं पाप, असं त्यांचं म्हणणं. योहानाच्या त्याच अध्यायात येशूचा शिष्य पेत्रही हेच म्हणतो, आणि त्याला गप्प करायला येशूला बरेच शब्द खर्च करावे लागतात. काकींसाठी फादरांना तेवढा वेळ मिळाला नाही.

(दृश्य: इगर्ज आतून. संध्याकाळ. ग्लोरिया. सगळ्या घंटा एकदम.)

(आवाज: घंटा. मग शांतता. मग लाकडी खडखडा.)

ग्लोरिया या स्तुतिगीतानंतर घंटा बंद. आता ईस्टरच्या जागरणापर्यंत त्या वाजणार नाहीत, खुणेला हा लाकडी खडखडा.

बारा जण येऊन बसलेत. डावीकडून, गावडेवाड्यावरची आजी. तिच्याशेजारी व्हीलचेअरवरची मुलगी, तिच्यासाठी एक खुर्ची काढली आहे. ट्रॉलरवरचे दोघे. घरकाम करणारी एक बाई, माहेर सावंतवाडीकडचं, सासर ख्रिस्ती. नवऱ्यापासून वेगळी राहणारी शिक्षिका, जिचं नाव यादीत आल्यावर सगळ्यांत जास्त कुजबुज झाली. कोन्फ्रारीचे एक माजी अध्यक्षही आहेत. ते यापूर्वी या खुर्चीवर बसलेले, म्हणजे अटीत बसत नाहीत. पण स्वतःहून आले आणि शेवटच्या जागी बसले, तेव्हा त्यांना उठवणार कोण?

(दृश्य: पितळी परात, तांब्या, फादरांचे हात.)

फादरांनी वरचं वस्त्र उतरवलं, कमरेला रुमाल बांधला. पाणी कोमट आहे. साक्रिस्तावबाबाने कोपर बुडवून पाहिलंय, तान्ह्या मुलाच्या न्हाणीला पाहतात तसं.

एक गंमत. घरून येतानाच सगळ्यांनी पाय घासून, साबण लावून आणलेत. शिक्षिकेच्या पायावर पावडरही आहे. आजीने नारळाच्या सोडणाने टाचा घासल्या, पण भेगांत मातीची बारीक रेघ उरलीच. फादर तिथे अंगठा फिरवतात, पाणी पुन्हा ओततात, पुन्हा अंगठा. रेघ जात नाही. मग ते पाय पुसतात आणि वाकून त्यावर ओठ टेकतात.

ट्रॉलरवरचा एक मुलगा मात्र थेट जेटीवरून आला. घोट्याला चिकटलेला मासळीचा खवला पाण्याबरोबर परातीत उतरला. तो तुम्हाला दिसेल.

(चित्र बोलू दे. इथे एक मिनिट निवेदन नाही.)

(दृश्य: रात्र. वेदीवरची वस्त्रं काढली जातात. मोकळा दगड.)

मिस्सा संपतो. वेदी उघडी केली जाते. पवित्र भाकर मिरवणुकीने बाजूच्या कपेलात, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहात, नेतात आणि लोक तिथे उशिरापर्यंत बसतात. ट्रॉलरवरच्या दोघांना पहाटे जेटीवर हजर व्हायचं आहे. ते लवकर निघाले.

(दृश्य: हॉल. खोळी काढून खुर्च्या एकावर एक.)

नंतरचं थोडक्यात. गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत कोन्फ्रारीतली चार-पाच लाल खांदेवस्त्रं दिसली नाहीत. दोन घरांनी शेजारच्या इगर्जीत जायला सुरुवात केली. शिक्षिकेला वर्गात मुलांनी काही विचारलं, त्यावर तिला बोलायचं नव्हतं. खोल्यांचं भाडं तेवढंच आहे आणि पाण्याचा टँकर अजून आठवड्यातून दोनदाच येतो. महिन्यातून एकदा हिंदी मिस्सा सुरू झाला. जून-जुलैत मासेमारी बंद असताना मुलं आपापल्या गावी जातात, तेव्हा तो होत नाही.

पुढच्या वर्षासाठी वहीत एक नाव आधीच लिहून ठेवलंय, फुलवाल्या काकींचं. त्यांना ते माहीत आहे. मेणबत्त्यांचे पैसे मोजता मोजता त्यांनी सांगितलं की त्या येणार नाहीत, आणि फादरांना काही द्यायचंच असेल तर फाटकाशी उन्हापासून आडोसा म्हणून एक पत्रा घालून द्यावा.