धावून जमवलेला पैसा कुठे पोहोचावा

मित्रांनो, पक्षाघाताच्या रुग्णांच्या पुनर्वसनासाठी निधी उभा करायचा म्हणून तुम्ही सगळे एकत्र धावणार आहात. फिजिओथेरपिस्ट म्हणून मला याचा मनापासून आनंद आहे. म्हणूनच हा पैसा कुठे जावा, याबद्दल आज थोडं आग्रहाने बोलते.

झटका आल्यानंतरची घाई सगळ्यांना समजते. मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली आणि उपचार मिळाला नाही, तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्या घाईसाठी पैसा लागतो, आणि तो मिळायलाच हवा. पण माणूस वाचून घरी आला की आप्तेष्टांना वाटतं, संकट टळलं. खरं तर लांबचा पल्ला तिथून सुरू होतो, आणि मदतीचा ओघ नेमका तिथेच आटतो.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत. मेंदूचे शाबूत राहिलेले भाग नवे जोड तयार करून गेलेलं काम थोडंथोडं उचलतात. पहिल्या काही महिन्यांत हा वेग सर्वांत जास्त असतो, पण सुधारणा पुढेही होत राहते. त्यासाठी लागतो तो सराव. पेला पकडायचा, तोंडापर्यंत न्यायचा, खाली ठेवायचा, आणि हेच पुन्हा, पुन्हा, पुन्हा. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसले ते रोज शेकडो वेळा हालचाल करवून घेतल्यावर. माणसांचं काय? अमेरिका आणि कॅनडातल्या पुनर्वसन केंद्रांतलं एक निरीक्षण २००९ साली प्रसिद्ध झालं. हाताच्या अशा उपयोगी हालचाली एका सत्रात सरासरी फक्त ३२ होत होत्या!

हा आकडा मला आजही अस्वस्थ करतो. यात रुग्णाचा आळस नाही, थेरपिस्टचा तर नाहीच. रुग्णाला उठवणं, तोल सावरणं, मध्ये विश्रांती देणं यातच सत्र संपतं, आणि बाहेर पुढचा रुग्ण थांबलेला असतो. मग तुमच्या पैशाने काय घ्यावं? माझं स्पष्ट मत आहे, माणसांचे तास घ्यावेत. थेरपिस्टचा घरी येण्याचा खर्च, केंद्रापर्यंतचं वाहन, पाऊल लोंबकळू नये म्हणून घोट्याचा स्प्लिंट, घरच्यांना उचलण्या-बसवण्याचं प्रशिक्षण. महागडं यंत्र नंतर पाहू.

मात्र जास्त म्हणजे नेहमीच चांगलं, असं नाही. पहिल्या २४ तासांतच रुग्णाला वारंवार आणि खूप वेळ उठवून चालवण्याचा मोठा प्रयोग झाला. २०१५ साली त्याचे निष्कर्ष आले, आणि अशा रुग्णांची स्थिती इतरांपेक्षा कमी चांगली निघाली. कधी, किती आणि काय करायचं, हे जाणणारा माणूस जवळ हवा तो यासाठीच.

आणखी एक गोष्ट, जिला पैसे लागत नाहीत. बऱ्याच जणांची वाचा जाते. शब्द सापडत नाहीत, काहींना ऐकलेलंही नीट उमगत नाही. अशा वेळी मित्र हळूहळू येईनासे होतात. काय बोलावं हे त्यांना सुचत नाही, मनात माया असते तरी. तुम्ही जा. एका वेळी एकच प्रश्न विचारा, ‘हो’ किंवा ‘नाही’त उत्तर देता येईल असा. कागद-पेन जवळ ठेवा. उत्तराची वाट पाहा, आपल्याला अवघडल्यासारखं होईल इतका वेळ वाट पाहा. त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका.

धावण्याच्या दिवशी त्यांनाही सोबत घ्यायचं असेल, तर आधी त्यांनाच विचारा. काहींना गर्दीचा आवाज सोसत नाही. झटक्यानंतरचा थकवा झोपूनही जात नाही. काहींना मात्र शेवटचा टप्पा स्वतः चालायचा असेल. तसं असेल तर त्यांच्या थेरपिस्टला आताच कळवा, म्हणजे तयारीला वेळ मिळेल. वाटेत खुर्ची ठेवा, दुबळ्या बाजूला एक माणूस चालू द्या. आणि उत्साहाच्या भरात त्यांचा तो हात धरून ओढू नका. स्नायूंचा आधार गेलेला खांदा सहज दुखावतो.