नोलाची छावणी आणि रोमची वेस

सभ्य श्रोतेहो, रोममधील यादवी म्हटली की आपल्याला सीझर आणि पॉम्पी आठवतात. परंतु स्वतःच्याच राजधानीवर फौज नेण्याचा पायंडा त्यांच्या कितीतरी आधी, इ. स. पू. ८८ मध्ये, सुल्लाने पाडला. तो त्या वर्षीचा कॉन्सल, म्हणजे दर वर्षी निवडल्या जाणाऱ्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक होता आणि काळ्या समुद्राकाठच्या पाँटसचा राजा मिथ्रिडेटिस याच्यावरील मोहीम सिनेटने त्याच्याकडे सोपवली होती. ट्रिब्यून, म्हणजे सामान्य जनतेचा निवडलेला प्रतिनिधी, सुल्पिशियस याने नागरिकांच्या सभेत कायदा करवून ती मोहीम मारियसला मिळवून दिली. सत्तरीला टेकलेला आणि सहा वेळा कॉन्सल झालेला हा वृद्ध सेनापती अजूनही युद्धाची हौस बाळगून होता.

दक्षिण इटलीतील नोला शहरासमोरील छावणीत सुल्लाने सैनिकांना आपला अपमान ऐकवला. रोमवर चालून जा, असे मात्र तो उघडपणे म्हणाला नाही, असे इतिहासकार ॲपियन सांगतो. ते सैनिकांनीच ओळखले. मारियस दुसरीच फौज नेईल आणि पूर्वेकडील संपन्न देशांची लूट आपल्या हातून जाईल, ही त्यांची खरी भीती होती. मारियसने पाठवलेल्या अधिकाऱ्यांना त्यांनी दगडांनी ठेचून मारले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, रोमवर चाल ठरताच एक क्वेस्टर (खजिना सांभाळणारा अधिकारी) वगळता सुल्लाचे सारे वरिष्ठ अधिकारी त्याला सोडून गेले. साधे शिपाई मात्र जागचे हलले नाहीत. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण निवृत्तीनंतर सैनिकाला जमीन देण्याची कायमची सोय प्रजासत्ताकाने केलेली नव्हती, त्यामुळे त्याची सारी आशा सेनापतीवरच असे, आणि इ. स. पू. १०७ मध्ये मालमत्ता नसलेल्यांना फौजेत घेणारा खुद्द मारियसच होता!

शहरात शिरताच छपरांवरून कौले आणि दगड बरसू लागले, तेव्हा सुल्लाने स्वतः मशाल हाती घेऊन घरांवर पेटते बाण सोडण्याचा हुकूम दिला. सुल्पिशियस मारला गेला, मारियस आफ्रिकेत निसटला. सुल्ला पूर्वेकडे गेल्यावर मारियस सुल्लाचा विरोधक सिन्ना याच्यासह परतला, त्याने विरोधकांची कत्तल केली आणि सातव्यांदा कॉन्सल होऊन इ. स. पू. ८६ च्या जानेवारीतच मरण पावला. युद्ध मात्र थांबले नाही. सुल्ला पूर्वेकडून परतून मारियसच्या पक्षाशी लढू लागला. इ. स. पू. ८२ च्या १ नोव्हेंबरला रोमच्या कोलाइन वेशीपाशी सुल्लाची डावी फळी कोसळली. उजवीकडे क्रॅससने बाजी मारली म्हणून तो तरला. मग फोरममध्ये, म्हणजे रोमच्या मुख्य चौकात, वध्य माणसांच्या याद्या लागल्या: मारणाऱ्यास इनाम, मृताच्या मालमत्तेचा लिलाव, आणि त्याच्या मुला-नातवांना सार्वजनिक पदांची बंदी.

सुल्लाने आपल्या सैनिकांना इटलीतील जमिनी वाटल्या खऱ्या, परंतु त्यांपैकी अनेक जण कर्जात बुडाले. इ. स. पू. ६३ मध्ये सत्ता बळकावू पाहणाऱ्या कॅटिलाइनच्या बंडासाठी रोमच्या उत्तरेकडील एट्रुरियात माणसे जमवणारा मॅनलियस हा सुल्लाचाच जुना सेंच्युरियन, म्हणजे तुकडीनायक, होता.