राज्य गेलेल्या राजाचा वाडा

नमस्कार मंडळी. राजवाडा बघायला गेलं की आपण काय बघतो? सिंहासन, तलवारी, पेंढा भरलेले वाघ आणि झुंबरं. गाईडसुद्धा तेवढंच दाखवतो. तंजावरला मी याच तयारीने गेलो होतो, आणि पहिल्या अर्ध्या तासात जरा खट्टू झालो. बाहेरून वाडा तसा थकलेला दिसतो. आत शिरताना तिकिटंही वेगवेगळी फाडतात: कलादालनाचं निराळं, दरबार हॉलचं निराळं. हा वाडा मुळात नायक राजांचा. व्यंकोजीराजे, म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ, 1676 च्या सुमारास तिथे गादीवर बसले आणि वाडा भोसल्यांचा झाला. पुढे जवळजवळ 180 वर्षं त्यांचाच होता.

पण मला आज सांगायचं आहे ते सरफोजीराजांबद्दल. दुसरे सरफोजी. तुळजाजीराजांनी यांना दत्तक घेतलं आणि 1787 मध्ये तुळजाजी वारले. गादी बळकावली तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंग यांनी. या पोरक्या मुलाच्या पाठीशी उभा राहिला तो श्वार्ट्झ नावाचा जर्मन पाद्री, तरंगमबाडीच्या डॅनिश मिशनमधून आलेला. राजपुत्राला त्याने इंग्रजी शिकवलं, शास्त्रांची गोडी लावली. 1798 मध्ये सरफोजींना गादी मिळाली. त्याच वर्षी, थोडं आधी, श्वार्ट्झ गेला होता. तंजावरच्या चर्चमध्ये फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने घडवलेला संगमरवरी देखावा आहे: अंथरुणावर पाद्री, शेजारी तरुण राजा. वाडा बघायला जाल तेव्हा आधी हे शिल्प बघा, मग वाड्यात जा. क्रम महत्त्वाचा आहे: वाड्यात पुढे जे दिसतं त्याची गोडी राजांना या पाद्र्यानेच लावली.

गादी मिळाली आणि वर्षभरात राज्य गेलं. 1799 चा तह. कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे, राजाकडे किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. विशीतला माणूस. लढाई नाही, वसुली नाही, न्यायनिवाडाही जवळपास नाही. अशा वेळी आपल्याकडचे बहुतेक संस्थानिक काय करत, ते तुम्हाला ठाऊक आहे. (हशा) यांनी पुस्तकं विकत घेतली.

सरस्वती महाल हे ग्रंथालय नायकांच्या काळापासूनचं, पण त्याला आजचं रूप दिलं सरफोजींनी. ताडपत्रं आणि कागद मिळून चाळीस हजारांवर हस्तलिखितं: संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी. शिवाय युरोपातून मागवलेले हजारो छापील ग्रंथ. त्यांतल्या कित्येकांवर राजांची इंग्रजीतली सही आहे. 1826 मध्ये कलकत्त्याचा इंग्रज बिशप हेबर त्यांना भेटला. हा राजा लॅव्हॉझिए, लिनिअस, बुफाँ असे युरोपातले शास्त्रज्ञ सहज उद्धृत करतो, असं त्याने लिहून ठेवलं आहे. प्रदर्शनाच्या दालनात मला सगळ्यात जास्त थांबवलं ते ल ब्रँ या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांनी. माणसाचा चेहरा आणि शेजारी त्याच्यासारखाच दिसणारा प्राणी: घुबड, उंट, बैल. मी उंटापाशी बराच वेळ होतो. आमच्या कचेरीतले एक साहेब आठवले. (हशा)

आणि फक्त जमवलं नाही. वाड्यात छापखाना घातला, देवनागरी खिळ्यांचा. 1806 मध्ये तिथून 'बालबोधमुक्तावलि' निघालं, इसापच्या गोष्टींचं मराठी. पुण्यात तेव्हा पेशवाई चालू होती आणि मराठी मुलांसाठीचं छापील पुस्तक निघत होतं कावेरीकाठी! धन्वंतरी महालात औषधं तयार होत, डोळ्यांच्या रोग्यांचे कागद चित्रांसह ठेवले जात. म्हणून माझं म्हणणं असं आहे की हा वाडा राजे गेल्यावर म्युझियम झाला, हे अर्धंच खरं. राजा आत राहत असतानाच तो म्युझियम व्हायला लागला होता. राज्य चालवायची मुभा असती तर हे झालं असतं का? मला शंका आहे.

एक गोष्ट मात्र टोचते. आपण 1843 ला सांगलीत 'सीतास्वयंवर' झालं तिथून मराठी नाटक मोजतो. सरफोजींच्या कितीतरी आधीचे शाहजीराजे, म्हणजे व्यंकोजींचे पुत्र, तंजावरात 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे मराठी नाटक लिहून बसले होते. त्यांनीच 'पंचभाषाविलास' लिहिलं. त्यात प्रत्येक नायिका आपापल्या भाषेत बोलते, एक मराठीतही. ही हस्तलिखितं त्याच इमारतीत आहेत, आणि शेजारी मोडी कागदांचे गठ्ठे. मोडी वाचणारा माणूस तंजावरात शोधावा लागतो. पुण्यातही लागतो म्हणा.

1855 मध्ये तंजावरचे शेवटचे राजे, सरफोजींचे पुत्र शिवाजी, वारले, मुलगा नव्हता, कंपनीने राज्याबरोबर खासगी मालमत्तेवरही हात टाकला. राणी कामाक्षीबाई कोर्टात गेल्या. प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वात वरच्या कोर्टापर्यंत पोचलं, आणि 1859 मध्ये निकाल असा लागला की हे सरकारने सत्तेच्या अधिकारात केलेलं कृत्य आहे, कोर्टाला यात बोलता येत नाही. ग्रंथालय मात्र वाचलं. 1918 मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. 1951 मध्ये कलादालन निघालं, चोळांच्या ब्राँझमूर्तींचं. त्या मूर्तींवर स्वतंत्र व्याख्यान द्यावं लागेल, आज राहू दे.

कलादालनातच सरफोजींचा पांढरा संगमरवरी पुतळा आहे, लंडनच्या चँट्री या शिल्पकाराने केलेला, हात जोडून उभा. मी गेलो त्या दिवशी एका शाळेची सहल आली होती. पुतळ्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. पोरं सगळी धावत होती एका देवमाशाच्या सांगाड्याकडे. तरंगमबाडीच्या किनाऱ्याला लागलेला हा मासा; राजेशाही संपल्यावर शंभर वर्षांनी वाड्यात आणून ठेवला. एक मुलगी बरगड्या मोजत होती, चुकत होती, पुन्हा पहिल्यापासून मोजत होती.