नकाशात चढ दिसत नाही

माइक चालू आहे ना? मागे ऐकू येतंय? बरं. तर बोर्डावर विषय लिहिलाय, "जर्मनीत गेल्यावर एरिया कसा निवडावा", आणि मला पाऊण तास दिलाय, त्यातली दहा मिनिटं खुर्च्या लावण्यात गेलीच. आधीच सांगून टाकतो, मी सगळ्या जर्मनीबद्दल बोलणार नाहीये. बर्लिनबद्दलचं माझं ज्ञान तीन वीकेंडचं आहे. मी बोलणार श्टुटगार्टबद्दल, कारण तिथे अकरा वर्षं काढलीत. हात वर करा बघू, तिकडे कोण कोण चाललंय? अर्धा हॉल! वाटलंच, चाकणहून निघालेला माणूस बहुतेक तिथेच उतरतो. श्टुटगार्ट ही १९६८ पासून मुंबईची सिस्टर सिटी आहे, पण बहिणीकडे मुक्कामाला जातात ते पुणेकर.

आता तुम्ही सगळे काय करताय ते मला माहितीये, कारण मीही तेच केलं होतं. लॅपटॉप उघडायचा, ऑफिसवर पिन टाकायची, भोवती पाच किलोमीटरचा गोल काढायचा, भाड्याचा फिल्टर लावायचा आणि जे उरेल त्यातलं फरशी बरी दिसणारं घर निवडायचं. माझं म्हणणं एवढंच की हे कोथरूडमध्ये चालतं, श्टुटगार्टमध्ये पहिला प्रश्न "किती लांब" हा नाही, "किती वर" हा आहे. आयोजकांना मी पाच मुद्दे लिहून दिलेत, त्यातला हा पहिला.

हे शहर एका कढईत वसलंय. मी उपमा देत नाहीये, तिथले लोकच शहराच्या मधल्या भागाला केसेल म्हणतात, म्हणजे हंडा, कढई, काय म्हणाल ते. तळ समुद्रसपाटीपासून साधारण २४५ मीटरवर, आणि काठावरचं डेगरलोख त्याच्याही दोनशे मीटर वर. कढईच्या उतारावर द्राक्षाचे मळे होते, अजूनही आहेत, स्टेशनच्या मागे मान वर केली की दिसतात. मळ्यात चढायला बांधलेले दगडी जिने पुढे घरं झाली तरी तसेच राहिले, आणि आज शहरात असे चारशेच्या वर जिने आहेत, त्यांना श्टेफेले म्हणतात. म्हणजे तिथे पत्त्यात जो रस्ता दिसतो तो रस्ताच असेल असं नाही, जिना असू शकतो. श्टुटगार्टच्या माणसाचं टोपणनावच श्टेफेलेसरुच्चर आहे, जिन्यावरून घसरणारा. हे मला घर घेतल्यानंतर कळलं.

आमचं पहिलं घर हेसलाखमध्ये, शहराच्या दक्षिणेला. वर्ष २०१२, नोव्हेंबर. जाहिरातीत लिहिलेलं, यू-बानच्या, म्हणजे तिथल्या शहरी ट्रेनच्या, स्टॉपपासून ३५० मीटर. पुण्यात बसून स्काइपवर घर पाहिलं, घरमालकाने खिडकीतून व्ह्यू दाखवला, अख्खं शहर खाली पसरलेलं, आम्ही म्हणालो वा. आता इंजिनिअर माणूस मी, शहर खाली दिसतंय म्हणजे आपण वर आहोत आणि स्टॉप शहरात आहे, एवढं डोक्यात यायला हवं होतं की नाही? नाही आलं. उतरलो तेव्हा संध्याकाळचे पाच, अंधार, बारीक पाऊस, तेवीस-तेवीस किलोच्या चार बॅगा, दीड वर्षाची मुलगी स्ट्रोलरमध्ये झोपलेली, आणि बायकोच्या खांद्यावरच्या पिशवीत प्रेशर कुकर, कारण तो बॅगेत बसला नाही. कोपऱ्यावर वळलो तर समोर जिना. मला वाटलं कुठल्या तरी देवळाचा आहे. फोनवरचा निळा ठिपका म्हणतोय सरळ जा.

मोजल्या मी पायऱ्या, १२७. पर्वतीला १०३ आहेत, माहितीये ना? आधी स्ट्रोलर वर, मग बायको वर थांबली, मग मी चार खेपा. तिसऱ्या खेपेला एक आजोबा काठी टेकत माझ्या पुढून निघून गेले, वर पोचून मागे वळून म्हणाले, "इस गेसुंड!" म्हणजे तब्येतीला चांगलं असतं. आणि बायको म्हणाली, "अरे, पर्वती बरी होती, वर गेल्यावर देव तरी भेटतो." ती बसलीये बघा तिसऱ्या रांगेत, अजूनही हसत नाहीये. जिना संपला तेव्हा बिल्डिंग आली. मग तिसरा मजला. लिफ्ट नाही. आणि घरात किचन नाही!

नाही, खरंच नाही. हा मुद्दा माझ्या यादीत नव्हता, पण आता निघालाच आहे तर. जर्मनीत बऱ्याच घरांत किचन म्हणजे चार भिंती, एक नळाचा पाइप आणि छतातून लोंबणारी वायर. ओटा, सिंक, शेगडी आधीचा भाडेकरू उचकटून घेऊन जातो, नाहीतर तुम्हाला विकून जातो. जाहिरातीत आइनबाउक्युखे हा शब्द असेल तर किचन आहे, नसेल तर कुकर कितीही लांबून आणा, पहिले पंधरा दिवस ब्रेड.

तर त्या जिन्याने आमचं आयुष्य कसं बदललं ते सांगतो. दूध किती आणायचं हे घरात किती लागतं त्यावर नाही, किती चढवता येतं त्यावर ठरायचं. दहा किलोची कणिक सुपरमार्केटमध्ये नाही, इंडियन स्टोअरमध्ये मिळायची, आणि ती आणायचा दिवस म्हणजे घरात सकाळपासून वातावरण गंभीर. बर्फ पडला की पायऱ्यांवर बारीक खडी टाकतात, ती स्ट्रोलरच्या चाकात अडकते, आणि एका हातात लोखंडी रेलिंग, एका हातात स्ट्रोलर असं उतरताना मुलगी आतून टाळ्या वाजवायची. पाहुणे एकदा यायचे. सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या, त्या एकूण नऊ वेळा घराबाहेर पडल्या, त्यांनी कॅलेंडरवर खुणा केल्या होत्या.

आणि केरवोखं. हे सांगितल्याशिवाय मी खाली बसत नाही. त्या भागात एक पद्धत आहे, बिल्डिंग झाडायची पाळी दर आठवड्याला एका घराकडे. शब्द केरवोखं, त्यात केर म्हणजे झाडणं, वोखं म्हणजे आठवडा, निम्मा शब्द तर आपलाच आहे! छोटी केरवोखं म्हणजे आपल्या मजल्याचा जिना, मोठी केरवोखं म्हणजे तळघर, कचऱ्याच्या पेट्या, समोरचा फुटपाथ, आणि बर्फ असेल तर सकाळी सातच्या आत फावडं घेऊन खाली. कोणाची पाळी आहे हे कळावं म्हणून दारावर एक पाटी लटकवतात, आपला आठवडा संपला की आपण ती शेजाऱ्याच्या दाराला लावायची. पाट्यांचं पुणेकरांना काय कौतुक, पण हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. एका रविवारी रात्री दाराला छानशी लाकडी पाटी, त्यावर झाडू आणि फुलांचं चित्र. बायकोला वाटलं नवीन आलेल्यांचं स्वागत करतायत. तिने ती आत आणली आणि गणपतीशेजारी मांडली.

तीन आठवडे. अख्ख्या बिल्डिंगची पाळी आमच्या गणपतीशेजारी अडकून पडली. लोक जिन्यात भेटले की "ग्र्युस गॉट" म्हणायचे, पण थंड. आम्हाला वाटलं स्वाबियन, म्हणजे त्या भागातले लोक असेच असतात, मी तर ऑफिसमध्ये त्यावर थिअरी मांडायला लागलो होतो. शेवटी पहिल्या मजल्यावरच्या आजींनी बेल वाजवली, आत आल्या, गणपतीकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, आणि मला वाटतं तीस सेकंद काही बोलल्या नाहीत. मग आम्हाला बादली कुठे ठेवलीये ते दाखवलं. त्यानंतर त्या आजी दर सोमवारी कोपऱ्यातून बोट फिरवून बघायच्या, पण आमच्या मुलीला पहिलं जर्मन त्यांनीच शिकवलं, तेही अस्सल स्वाबियन. पुढे किंडरगार्टनमधल्या हॅम्बुर्गच्या बाईंना ते कळायचं नाही. असो. यातून घ्यायचं ते एवढंच की जुन्या, सहा-आठ घरांच्या बिल्डिंगीत केरवोखं असते, मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये हाउसमाइस्टर, म्हणजे बिल्डिंगची देखभाल करणारा माणूस असतो आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये कापतात. घर बघतानाच विचारा.

किती वाजले? अजून वीस मिनिटं... नाही? बारा? बरं.

तर माझा सिद्धांत, ज्यासाठी मी आलोय. कढईचा तळ सपाट आहे, आणि काठाच्या वर गेलात की तिथेही सपाट आहे, त्या पठाराला फिल्डर म्हणतात, डेगरलोख, म्योरिंगेन, फायहिंगेन हा सगळा भाग. तिथली टोकदार कोबी प्रसिद्ध आहे, भाजीला पण छान लागते. म्हणून, एक तर तळाशी राहा नाहीतर माथ्यावर राहा, मधे चिकटू नका. गंमत म्हणजे सगळ्यात महागडी घरं मधेच आहेत. हाल्पह्योए म्हणतात, निम्म्या उंचीवरचा भाग, व्ह्यू आहे म्हणून भाव आहे, पण तिथल्या शेठलोकांकडे घराखाली गॅरेज असतं, त्यांना दुधाची पिशवी घेऊन चढायचं नसतं. आपल्याला त्या उंचीवर परवडतं ते जिन्याच्या टोकाचं तिसऱ्या मजल्यावरचं घर.

तळाचा तोटा पण सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी बोलला. कढईत वारा कमी, उन्हाळ्यात छताखालच्या खोलीत रात्री झोप लागत नाही, पंखा आपला आपण आणायचा. हवेचाही प्रॉब्लेम होता, २०१६ पासून काही वर्षं शहरात धुळीचा अलार्म वाजवायचे, गाड्या घरी ठेवा म्हणून. आणि पार्किंग, श्टुटगार्ट वेस्टमध्ये घर घेऊन गाडी घेतलीत तर रोज संध्याकाळी अर्धा तास राउंड मारायची तयारी ठेवा. माथ्यावर हवा मस्त, भाडं जास्त. माथ्यावरून तळाशी यायला मारीएनप्लाट्झची दातेरी रेल्वे आहे, त्साके, १८८४ पासून चालू, सायकली ठेवायला पुढे वेगळा डबा. कधी तरी मुद्दाम बसा, त्यावर मी अर्धा तास बोलू शकतो पण... हो, दिसतेय चिठ्ठी. पाच मिनिटं. म्हणजे चार मुद्दे पाच मिनिटांत.

पटापट सांगतो, लिहून घ्या. एरिया निवडू नका, लाइन निवडा. ऑफिस फॉयरबाखला असेल तर एस-बानच्या, म्हणजे तिथल्या लोकलच्या, चार, पाच, सहा या लाइन तिथे जातात, मग चार-पाचवर लुडविग्सबुर्ग बघा, ते बऱ्यापैकी सपाट आहे, किंवा सहावर लेओनबेर्ग. ऑफिस फायहिंगेनला असेल तर एक, दोन, तीन. झिंडलफिंगेनच्या कारखान्यात जाणार असाल तर ब्योब्लिंगेन-झिंडलफिंगेनमध्येच राहा, शहरात राहण्याची हौस सहा महिन्यांत फिटते. शक्यतो गाडी बदलायला लागू नये, कारण मुख्य स्टेशनचं काम २०१० पासून चालू आहे, आधी म्हणाले २०१९ ला उघडेल, आपल्याला सवय आहे, पण त्यापायी उन्हाळ्यात मधला बोगदा कित्येक आठवडे बंद असतो. झोनचा हिशोब आता विसरा, मे २०२३ पासून डॉइचलांड-टिकेट आहे, तेव्हा ४९ युरो होतं, २०२५ ला ५८ झालं, चढतंच आहे, तरी देशभरातल्या लोकल, ट्राम, बस एका पासात. म्हणून वीस मिनिटं लांबचं गाव घाबरायचं कारण नाही. फक्त फायहिंगेन दोन आहेत! एक श्टुटगार्टमधलं आणि एक फायहिंगेन आन डेअर एन्त्स, वायव्येला जवळपास पंचवीस किलोमीटरवर वेगळंच गाव. आमच्या एका मित्राने दुसऱ्यातलं घर पक्कं केलं होतं, स्वस्त मिळालं म्हणून आम्हाला पार्टी दिली, तेव्हा उलगडा झाला. पिनकोड बघा.

मुलं असतील तर प्राथमिक शाळा पत्त्यावर ठरते, त्या राज्यात पहिली ते चौथी आपल्या हद्दीतलीच शाळा, म्हणजे घर निवडलं की शाळा निवडली. व्हिसाचं ऑफिससुद्धा पत्त्यावरच. भाडं दोन असतात, काल्टमीटे म्हणजे नुसतं घर, वार्ममीटे म्हणजे हीटिंग-पाणी-कचरा धरून, तुलना कायम वार्मची करा. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन काल्टमीटे, आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे, लाजू नका. एजंट घरमालकाने लावला असेल तर त्याची फी घरमालकाने द्यायची, २०१५ पासून तसा नियम आहे. तीन त्सिमर, म्हणजे तीन खोल्या, हा आपला थ्री बीएचके नाही, हॉल धरून मोजतात, म्हणजे आपला टू बीएचके. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, तो द्यायला कोणी का-कू करत असेल तर ते घर सोडा, कितीही स्वस्त असो.

आणि पहिले दोन-तीन महिने फर्निश्ड काहीतरी घ्या, खोली घ्या, काही घ्या, पण पुण्यात बसून पक्कं घर घेऊ नका. घर बघायला दोनदा जा, एकदा ऑफिस सुटायच्या वेळी आणि एकदा रविवारी दुपारी. रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा त्या गल्लीत माणूस दिसतो का, खाली बाग आहे का, चर्चची घंटा खिडकीच्या किती जवळ आहे, सगळं कळतं. जाताना हातात सहा बाटल्यांचा पाण्याचा पॅक घेऊन जा. स्टॉपपासून दारापर्यंत तो न टेकवता...

हो हो, संपलं, प्रोजेक्टर परत द्यायचाय, मी तो लावलाच नाही म्हणा. शाळांच्या लिंका आणि उंचीच्या आकड्यांची फाईल आयोजकांकडे ठेवतो. काय? तिसऱ्या रांगेतून दुरुस्ती आलीये. १२७ नव्हत्या म्हणे, १३१ होत्या, शेवटच्या चार बिल्डिंगच्या दारातल्या, त्या मी मोजल्या नाहीत कारण तोपर्यंत बॅगा तिने उचलल्या होत्या.