ज्योत विझते, थेंब आटतच राहतो

अंतराळ स्थानकावरचा ज्वलनाचा प्रयोग. समोरासमोर दोन पोकळ सुया. टोकांच्या मध्ये हेप्टेन या द्रव इंधनाचा थेंब, व्यास साधारण तीन मिलिमीटर. सुया किंचित लांब होतात, थेंब ताणला जातो, आणि दोन्ही एकाच क्षणी झटकन मागे! एकीला जरा उशीर झाला, की थेंब तिच्याकडे ओढला जातो आणि तरंगत चौकटीबाहेर निघून जातो. ती खेप वाया. म्हणून काही खेपांना थेंब सिलिकॉन कार्बाइडच्या केसाएवढ्या बारीक धाग्यावर बसवतात. तो पळत नाही, पण धागा आत उष्णता नेतो, तेवढी हिशेबात धरावी लागते.

तापलेल्या तारा दोन्ही बाजूंनी येतात. एकाच बाजूने पेटवलं तर थेंब ढकलला जातो. पेट घेतला, तारा मागे.

आणि हा निळा गोल. जळतेय ती वाफ. द्रव आत, ज्योत त्याच्यापासून बरीच दूर. जमिनीवर गरम वायू वर चढतो आणि ज्योतीला टोक काढतो. इथे वजनच जाणवत नाही, म्हणून तो चढतच नाही. प्राणवायू फक्त विसरणाने, म्हणजे रेणूंच्या आपोआप पसरण्याने, सावकाश आत झिरपतो. थेंब एकदा तापला, की त्याच्या व्यासाचा वर्ग वेळेबरोबर जवळपास सरळ रेषेत घटतो: व्यास दुप्पट, तर वेळ चौपट.

मोठ्या थेंबाला म्हणूनच वजनरहित अवस्थेत जास्त वेळ हवा. जमिनीवर ती अवस्था फक्त पडताना मिळते. जपानमध्ये संशोधक कुमागाई यांनी १९५७ मध्ये खाली पडणाऱ्या पेटीत थेंब जाळून दाखवले. अमेरिकेत क्लीव्हलंडला नासाच्या खोल विवरात पेटी १३२ मीटर पडते, तरी ५.१८ सेकंदच मिळतात. अंतराळ स्थानकावर २००९ पासून ‘फ्लेक्स’ या ज्योत विझण्याच्या प्रयोगात ही घाई उरली नाही.

ती नसल्यामुळेच पुढचं दिसलं. ज्योत फुगते, प्रारणातून (किरणांवाटे) उष्णता गमावते, विझते. पडदा काळा. पण थेंबाची कडा पाहा: ती आत सरकतेच आहे, नुसत्या बाष्पीभवनाला न शोभणाऱ्या वेगाने. ही ‘थंड ज्योत’, २०१२ मध्ये जाहीर झालेली. तापमान सुमारे २२५ ते ५२५ अंश सेल्सिअस. ज्वलन अर्धवट, मागे कार्बन मोनॉक्साइड आणि फॉर्माल्डिहाइड. यानातल्या आगीबाबत आणि इंजिनांबाबत याचा अर्थ सरळ आहे: ज्योत दिसत नाही म्हणजे ज्वलन थांबलं असं नाही.

थंड ज्योतही विझते. उरलेली वाफ गारठते, आणि थेंबाभोवती अचानक हा पांढुरका ढग.