वाफशावरची अंडी

श्रोतेहो, नमस्कार. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवली की एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात, हा हिशेब आपल्याकडे अनेक घरांत तोंडपाठ असतो. आठवडाभराने अंडे दिव्यासमोर धरायचे, आत तांबड्या शिरांचे जाळे दिसले तर पुन्हा खाली ठेवायचे आणि काहीच दिसले नाही तर बाजूला काढायचे, हेही सर्वांना ठाऊक असते. आज मी ज्या अंड्यांविषयी बोलणार आहे त्यांना हा हिशेब लावला, तर चांगली जिवंत अंडी उकिरड्यावर जातील. ही अंडी आहेत व्हेल्ड शॅमेलिऑनची. डोक्यावर उंच तुरा मिरवणारा हा सरडा मूळचा येमेनचा आणि सौदी अरेबियाच्या नैऋत्य भागाचा; आज तो अनेक देशांतील प्राणिसंग्रहालयांत, प्रयोगशाळांत आणि हौशी पाळणाऱ्यांच्या घरी वाढवला जातो. आपल्याकडचा घोयरा, म्हणजे भारतीय शॅमेलिऑन, त्याच कुळातला आहे आणि तोही मातीतच अंडी घालतो. पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलेले असल्यामुळे, नांगरटीत त्याची अंडी उघडी पडलीच तर ती हौसेने घरी न आणता वनविभागाला कळवावे, एवढे सांगून मी पुन्हा येमेनच्या सरड्याकडे वळते.

पुष्कळशा सरड्यांची मादी अंडी घालते तेव्हा आतल्या गर्भाला हातापायांचे कोंभ फुटू लागलेले असतात. शॅमेलिऑनच्या अंड्यात त्या वेळी जेमतेम पेशींचे थर मांडले जात असतात. शिवाय तो गर्भ लगेच वाढीला लागेलच असे नाही, काही काळ तो जवळजवळ थांबून राहतो. त्यामुळे पिल्लू बाहेर यायला साधारण सहा ते नऊ महिने लागतात. मादागास्करच्या नैऋत्येकडील लॅबोर्डच्या शॅमेलिऑनने तर या वाट पाहण्याची परिसीमाच गाठली आहे: तो आठ-नऊ महिने अंड्यात काढतो आणि बाहेर आल्यावर चार-पाच महिन्यांतच वाढतो, अंडी घालतो आणि मरतो. अशा अंड्यात महिनाभराने काही दिसले नाही, याचा अर्थ काय लावायचा? काहीही लावू नये.

मादी ओलसर वाळूत वीतभर किंवा त्याहून खोल बीळ खणते, तळाशी अंडी घालते आणि बीळ पुन्हा बुजवून टाकते. कृत्रिम उबवणीत आपल्याला या बिळाची नक्कल करायची असते. त्यासाठी झाकणाच्या डब्यात गच्चीवर बाग करणाऱ्यांना परिचित असलेले व्हर्मिक्युलाइट, म्हणजे पाणी धरून ठेवणारे हलके, भुसभुशीत खनिज, चालते. त्यात पाणी किती घालावे याची प्रमाणे सांगितली जातात, परंतु शेतकरी श्रोत्यांना मी एकाच शब्दात सांगू शकते: वाफसा. मूठ दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांच्या फटीतून थेंब गळू नये. या वाफशावर अंगठ्याने खळगे करून अंडी निम्मी बुडतील अशी, एकमेकांपासून बोटभर अंतरावर ठेवावीत, म्हणजे एखादे नासले तरी शेजाऱ्याला झळ लागत नाही. अंडे ज्या बाजूने उचलले त्याच बाजूने ठेवावे, आणि वरच्या बाजूस मऊ शिसपेन्सिलीने हलकी खूण करावी. तापमान सव्वीस ते अठ्ठावीस अंश सेल्सिअस पुरते. थोडी थंडी पडली तर वाढ मंदावते इतकेच, उष्णता मात्र जीव घेते. म्हणून विदर्भातल्या उन्हाळ्यात अंडी उबवणाऱ्याची खरी चिंता ऊब देण्याची नसून गारवा राखण्याची असते. तापमापकाची कांडी अंड्यांच्या डब्यातच हवी, बाहेरच्या पेटीतला आकडा फसवा असतो.

आता मुख्य प्रश्न, अंडे निरोगी आहे की नाही. फलित अंडे पांढरे, लांबट आणि ताठ असते. त्याचे कवच कोंबडीच्या अंड्यासारखे टणक नसून चामड्यासारखे चिवट असते. अफलित अंडे पिवळट, बहुधा लहान आणि हाताला मेणासारखे मऊ लागते. काही दिवसांत ते खचते आणि त्यावर बुरशी चढते. दिव्याचा उपयोग आहे, पण उशिरा: अंधाऱ्या खोलीत लहान टॉर्चच्या तोंडावर अंडे धरले असता गुलाबी ठिपका किंवा बारीक शिरा दिसल्या तर आनंदच आहे, मात्र नुसता एकसारखा पिवळसर उजेड दिसला तर तो थांबलेल्या गर्भाचाही असू शकतो. माझा भरवसा दिव्यापेक्षा तराजूवर अधिक आहे. सुरुवातीला झाकणासह डबा तोलून आकडा झाकणावर लिहून ठेवावा आणि दर पंधरवड्याला पुन्हा तोलावा; जेवढे वजन घटले तेवढे पाणी डब्याच्या कडेने सोडावे, अंड्यांवर कधीही नाही. अंड्याला पोचा पडला तर बहुतेक वेळा त्याला तहान लागलेली असते, आणि ओल दिल्यावर एक-दोन दिवसांत ते पुन्हा भरते. निरोगी अंडे मातीतले पाणी ओढून महिन्यामहिन्याने फुगत जाते. आणि बुरशी? ती सहसा मेलेल्या अंड्यावर वाढते. अंडे ताठ असेल तर वरवरचा ठिपका कापसाने हलकेच पुसून त्याला वेगळ्या डब्यात ठेवावे, फेकू नये.

हे मी शहाणपणाने सांगत असले तरी शिकले चुकूनच. पहिल्याच खेपेस चौथ्या महिन्यात, दिव्यात काही दिसत नाही म्हणून, मी एक अंडे कात्रीने उघडले. आत मसुरीच्या डाळीएवढा गर्भ होता आणि त्याचे हृदय चालू होते. उरलेल्या अंड्यांना मी त्यानंतर हात लावला नाही.

शेवटच्या दिवसांत मात्र सगळ्या खुणा उलट होतात, आणि इथे नवखा माणूस हमखास घाबरतो. इतके दिवस ताठ असलेले अंडे सैल पडते, त्याच्या कवचावर घामासारखे थेंब येतात. या वेळी पाणी घालू नये. एका टोकाला कवच चिरते, त्यातून नाकाचा शेंडा दिसतो, आणि पिल्लू तसेच दिवसभर, कधी दीड दिवसही, बसून राहते, कारण उरलेला बलक त्याला अजून पोटात ओढून घ्यायचा असतो. चिमट्याने मदत करण्याचा मोह इथे आवरावा लागतो. सर्व पिल्ले बाहेर पडली की त्यांच्या जन्माची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते, कारण २०२४च्या नियमांनुसार अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक आहे. त्या नोंदीसाठी मोजदाद करताना डबा रिकामा समजून धुवायला घेऊ नये. एखादे उशिराचे अंडे अजून तसेच ताठ असते, ते पुन्हा वाफशावर ठेवावे.